कडबाकुट्टीत न मावणारी गुठळी

आषाढी एकादशी जवळ आली की आमच्या अंबाजोगाईत साबुदाणा आणि भगर यांच्याबरोबर एक मजकूरही मोबाइलवर दरवर्षी नव्याने फिरू लागतो. उपास केला की शरीरातील पेशी आपल्यातली घाण स्वतःच खाऊन टाकतात, या शोधासाठी एका जपानी शास्त्रज्ञाला नोबेल पारितोषिक मिळाले आणि आपल्या पूर्वजांना हे आधीपासूनच ठाऊक होते, असा त्याचा साधारण आशय असतो. गेल्या वर्षी माझ्या बी.एस्सी.च्या वर्गातील एका मुलाने तो मजकूर मला दाखवला आणि विचारले, "सर, आजीला कंपवात आहे. एकादशी ती धरतेच, आता गुरुवारही धरायला सांगू का?" प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढे सांगून त्याची बोळवण करणे मला योग्य वाटले नाही. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूपेशींत प्रथिनांच्या गुठळ्या साचतात आणि पेशीकडे अशा गुठळ्या खाऊन टाकण्याची यंत्रणा आहे, हे दोन्ही खरे आहे. मात्र त्या यंत्रणेत भुकेपेक्षा ओळख पटण्याला अधिक महत्त्व आहे, आणि ही ओळख कशी पटते हे समजल्याशिवाय त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

आधी एका शब्दाचा खुलासा करतो. आपल्याकडे ‘मेंदूत गुठळी’ म्हटले की रक्ताची गुठळी आणि अर्धांगवायूचा झटका हेच डोळ्यांसमोर येते. या लेखातील गुठळी वेगळी आहे. ती एकेका पेशीच्या आत तयार होते, प्रथिनांची असते आणि सूक्ष्मदर्शकाखाली विशिष्ट रंग दिल्यावरच दिसते. झटक्यासारखी ती एका क्षणात घात करीत नाही. तिचा हिशेब वर्षानुवर्षे चालतो.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. माळेत २० प्रकारचे मणी असतात आणि त्यांच्या क्रमानुसार माळेची एक ठरावीक घडी पडते. ही घडी बिनचूक पडली तरच प्रथिन आपले काम करू शकते. काही मण्यांचे पाण्याशी जमत नाही, म्हणून ते घडीच्या पोटात दडून बसतात आणि पाण्याशी जमवून घेणारे मणी बाहेरच्या अंगाला राहतात. जनुकातील एखाद्या चुकीमुळे, उष्णतेने, रासायनिक माऱ्याने किंवा नुसत्या वयोमानाने घडी विस्कटली, की आत दडलेले मणी उघडे पडतात. उघड्या पडलेल्या मण्यांना पुन्हा कुठेतरी लपायचे असते, आणि शेजारच्या विस्कटलेल्या प्रथिनाचे तसलेच मणी त्यांना सापडले की दोघे एकमेकांना चिकटतात, मग तिसरे येते, चौथे येते. पिठले करताना बेसन पाण्यात नीट न कालवता थेट उकळत्या फोडणीत टाकले तर जे होते, साधारण तेच इथे होते. एकदा गुठळी धरली की नंतर कितीही घोटले तरी ती पूर्वीसारखी मोडत नाही. उकडलेल्या अंड्याचा बलकाभोवतीचा पांढरा भाग निवल्यावर पुन्हा पातळ होत नाही, त्याचे कारणही हेच आहे.

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४३ अंशांच्या पुढे जातो, पण आपल्या पेशी त्या तापमानाला पोहोचत नाहीत, कारण घाम गाळून शरीर आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राखते. उष्माघातात मात्र हा बंदोबस्त ढासळतो. उष्णतेने प्रथिनांची घडी बिघडू लागली की पेशी स्वतःहून मदतनीस प्रथिने तयार करू लागते. या प्रतिक्रियेचा शोध अपघातानेच लागला. इटलीत फेरुच्चो रितोस्सा हे फळमाशीच्या गुणसूत्रांचा अभ्यास करीत असताना माश्या ठेवलेल्या कपाटाचे तापमान चुकून वाढले, आणि गुणसूत्रांवर एरवी न दिसणारे फुगीर भाग त्यांना दिसले. १९६२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या फुगीर भागांतील जनुकांपासून जी प्रथिने तयार होतात त्यांना पुढे उष्माघात प्रथिने असे नाव पडले, आणि एचएसपी-७० हे त्यांतील सर्वांत परिचित. विस्कटलेल्या माळेचे उघडे मणी धरून ठेवायचे, तिला पुन्हा घडी घालण्याची संधी द्यायची आणि दुरुस्ती शक्य नसेल तर तिला मोडीत काढण्याच्या वाटेला लावायचे, ही या मदतनिसांची कामे.

मोडीत काढण्याच्या वाटा मुख्यतः दोन आहेत. पहिली वाट समजण्यासाठी कडबाकुट्टी आठवावी. कडब्याची पेंढी सोडून, ताटे सरळ करून यंत्राच्या तोंडात सारली की पलीकडे बारीक कुट्टी पडते. पण पावसात भिजून आवळलेली पेंढी तशीच कोंबली तर यंत्र अडते. पेशीतील प्रोटिएझोम हे असेच यंत्र आहे. ते पिंपासारखे पोकळ असून त्याचे तोंड इतके अरुंद असते की त्यातून उलगडलेली माळच आत जाऊ शकते. कोणती माळ आत घालायची हे ठरवण्यासाठी पेशी तिच्यावर युबिक्विटिन नावाची खूण लावते. हे अवघ्या ७६ अमिनो आम्लांचे प्रथिन असून ते एकापुढे एक जोडून त्याची साखळी तयार केली जाते. या खुणेचा उलगडा केल्याबद्दल आरोन चिखानोव्हर, अव्राम हेर्श्को आणि अर्विन रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. सुटी बिघडलेली प्रथिने या यंत्रात रोज नष्ट होत असतात, पण गुठळी झालेली प्रथिने त्या तोंडात मावतच नाहीत.

मग उरतो उकिरडा. शेतकऱ्याच्या उकिरड्यात शेण, पालापाचोळा, चुलीतली राख असे काहीही पडले तरी कुजून त्याचे खत होते. तिथे आकाराची अट नसते. पेशीतील उकिरडा म्हणजे लायसोसोम, आपल्या शालेय पुस्तकांतील ‘लयकारिका’. बेल्जियमचे क्रिस्तियान द द्यूव्ह यांनी १९५५ साली तिचे वर्णन केले आणि १९७४ च्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. पटलाने वेढलेल्या या पिशवीचे आतले द्रव्य पेशीतील बाकीच्या द्रवापेक्षा शेकडो पट आम्लधर्मी असते आणि त्यात प्रथिने, मेद, शर्करा, केंद्रकाम्ले अशा सर्वांचे तुकडे करणारी पन्नासहून अधिक विकरे असतात. ही विकरे आम्लातच नीट काम करतात, त्यामुळे पिशवी कधी फुटली तरी बाहेर त्यांचा जोर ओसरतो. पेशी आपल्याच अंगातील वस्तू या उकिरड्यात नेते, या क्रियेला १९६३ साली द द्यूव्ह यांनीच ‘ऑटोफॅजी’ हे नाव दिले. मराठीत आपण स्वभक्षण म्हणू.

नावानंतर जवळजवळ ३० वर्षे ही क्रिया कोणती जनुके चालवतात हे कोणालाच ठाऊक नव्हते. ते शोधून काढणारे योशिनोरी ओसुमी हेच मोबाइलवरील मजकुरातले जपानी शास्त्रज्ञ. त्यांनी पाव फुगवणाऱ्या यीस्टची अशी जात घेतली की जिच्या पोटातील मोठ्या रिक्तिकेत, म्हणजे यीस्टच्या उकिरड्यात, पचवणारी विकरेच नव्हती, आणि मग तिला नायट्रोजनविना उपाशी ठेवले. पचन बंद आणि आवक चालू, त्यामुळे काही तासांत रिक्तिका लहान लहान गोळ्यांनी भरून गेली आणि साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाखालीही ते गोळे दिसले. हे निरीक्षण १९९२ साली प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी अशी यीस्ट शोधून काढली की जिच्यात जनुकीय बिघाडामुळे हे गोळे साचत नव्हते, आणि त्यातून स्वभक्षणासाठी आवश्यक असलेली पंधरा जनुके हाती आली. २०१६ चे नोबेल या कामासाठी होते. या प्रयोगात उपास घडला तो यीस्टला, आणि तोही क्रिया डोळ्यांना दिसावी म्हणून योजलेली युक्ती म्हणून. मजकूर लिहिणाऱ्याने इथूनच थेट माणसाच्या ताटावर उडी मारली आहे.

भुकेच्या वेळी पेशी जे करते ते ढोबळ असते. बाहेरून अन्न येत नाही, तेव्हा आपल्याच द्रवाचा जवळचा घास गाठोड्यात बांधून ती उकिरड्यात नेते आणि त्यातून सुटलेली अमिनो आम्ले पुन्हा वापरते. त्या घासात चांगली प्रथिनेही येतात, बिघडलेलीही येतात. निवड जवळजवळ नसते. गुठळी काढायची असेल तर अशा अंदाधुंद घासाचा फारसा उपयोग नाही. आजूबाजूला चांगली प्रथिने कोट्यवधींच्या संख्येने असताना नेमकी गुठळी उचलली जावी, तिच्याभोवतीच गाठोडे बांधले जावे, अशी सोय हवी. ही सोय म्हणजे निवडक स्वभक्षण, आणि ते पोट भरलेले असतानाही चालू असते.

ती सोय कशी आहे, हे २००५ पासून उलगडत गेले. नॉर्वेतील ट्रोम्सो या उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या शहरातील संशोधकांनी पी-६२ नावाच्या प्रथिनावर काम केले. सुमारे ६२ हजार डाल्टन वस्तुमान, म्हणून नाव पी-६२. शास्त्रज्ञांची नावे ठेवण्याची हौस कधी कधी एवढ्यावरच थांबते. या प्रथिनाचा एक भाग युबिक्विटिनच्या खुणेला धरतो. म्हणजे कडबाकुट्टीकडे नेण्यासाठी जी खूण लावली गेली होती, तीच खूण गुठळीवर राहिली तर उकिरड्याकडे नेणाऱ्यालाही ती वाचता येते. दुसऱ्या भागात अमिनो आम्लांचा एक छोटासा पट्टा असतो आणि तो एलसी-३ या प्रथिनाला धरतो. एलसी-३ हे गाठोड्याच्या पटलावर रोवलेले असते. एका हातात माल आणि दुसऱ्या हातात गाठोड्याचे कापड, असा हा हमाल आहे. अशा दोन हातांच्या प्रथिनांना ग्राही म्हणतात. पी-६२ नंतर एनबीआर-१, ऑप्टिन्युरिन, टॅक्स-१-बीपी-१ असे आणखीही ग्राही सापडले.

इथपर्यंतची गोष्ट पाठ्यपुस्तकात शोभेल इतकी सरळ आहे, पण तिच्यात एक अडचण आहे आणि मला ती सर्वांत रोचक वाटते. एकट्या पी-६२ ची युबिक्विटिनवरील पकड फार सैल असते. शिवाय पेशीत युबिक्विटिनच्या खुणा ठायीठायी असतात, कारण कडबाकुट्टीकडे निघालेल्या प्रत्येक सुट्या प्रथिनावर ती असतेच. हमालाने दिसेल त्या खुणेला घट्ट धरले असते तर पेशीचा कारभारच विस्कटला असता. म्हणून पकड सैल ठेवून पेशीने वेगळा हिशेब जमवला आहे. पी-६२ चे रेणू आपल्या एका टोकाने एकमेकांना जोडून लांब तंतू तयार करतात. गुठळीवरही खुणा दाटीवाटीने असतात. शेकडो सैल हात शेकडो खुणांना एकाच वेळी धरतात तेव्हा एखाद-दुसरा हात सुटला तरी बाकीचे धरून असतात आणि सुटलेला हात परत लागतो. बांधावरून चालताना धोतराला आघाड्याचे एखादे बी लागले तर ते झटकल्यावर पडते. पण सोगाभर बिया लागल्या की घरी येऊन तासभर बसल्याशिवाय सुटका नसते. सुटे प्रथिन आणि गुठळी यांत पी-६२ ला जो फरक कळतो तो इतकाच, आणि तेवढा पुरेसा असतो.

याचा एक परिणाम असा की पी-६२ गुठळी ओळखते तशी ती घडवतेसुद्धा. व्हिएन्ना येथील साशा मार्टेन्स यांच्या प्रयोगशाळेने आणि इतर गटांनी २०१८ च्या सुमारास दाखवले की परीक्षानळीत नुसते पी-६२ आणि युबिक्विटिनच्या साखळ्या एकत्र केल्या तरी त्यांचे दाट थेंब आपोआप वेगळे होतात, जसे आमटीवर तेलाचे तवंग. म्हणजे इकडे तिकडे विखुरलेली बिघडलेली प्रथिने आधी गोळा करून त्यांचा ढीग करायचा आणि मग ढीग उचलायचा, असा क्रम दिसतो. ढीग करण्यात एनबीआर-१ हातभार लावते, तर टॅक्स-१-बीपी-१ गाठोडे बांधणाऱ्यांना हाक मारते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीत गोळा दिसला की आपण त्याला रोग समजतो, पण त्यांतील काही गोळे म्हणजे झाडून कोपऱ्यात लावलेला केर असू शकतो.

गाठोडे बांधणे हेही पाहण्यासारखे आहे. आधी पिशवी शिवून तयार आणि मग तीत वस्तू कोंबली, असे होत नाही. हमालांची दाटी झालेल्या ठिकाणी एफआयपी-२०० नावाचे प्रथिन येऊन बसते, त्याच्यासोबत यूएलके-१ हे विकर येते, आणि तिथेच एक चपटे दुहेरी पटल अंकुरते. आंतर्द्रव्यजालिकेकडून त्याला मेदाचा पुरवठा होतो आणि ते द्रोणासारखे वाकत वाढते. आतल्या बाजूच्या एलसी-३ ला पी-६२ धरत जाते, त्यामुळे पटल गुठळीच्या अंगाला चिकटूनच पुढे सरकते आणि आजूबाजूचा चांगला द्रव आत फारसा येत नाही. शेवटी तोंड मिटते, गाठोडे लायसोसोमशी एकरूप होते आणि गुठळीबरोबर पी-६२ सुद्धा पचते. हमालही मालासोबत जातो. म्हणूनच प्रयोगशाळेत पेशीतील पी-६२ चे प्रमाण वाढलेले दिसले तर गाठोडी पुढे सरकत नसावीत असा अंदाज बांधतात.

वनस्पतींतही हाच प्रकार आहे आणि मराठवाड्यात राहणाऱ्याला तो अधिक जवळचा वाटावा, कारण गव्हाच्या वा हरभऱ्याच्या पानाला घाम गाळून अंग थंड ठेवण्याची आपल्याइतकी सोय नसते. पाणी तुटले की तीही संपते. वनस्पतींत पी-६२ आणि एनबीआर-१ अशी दोन वेगळी प्रथिने नसून दोघांचे गुण असलेले एकच एनबीआर-१ असते. मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतील लाडक्या रोपात हे जनुक निकामी केले, तेव्हा उष्णतेचा ताण दिल्यावर त्याच्या पेशींत युबिक्विटिनची खूण असलेली, न विरघळणारी प्रथिने साचली आणि रोपे उष्णतेपुढे लवकर हरली. हा अभ्यास २०१३ चा आहे. तो लहानशा रानरोपाचा आहे, ज्वारीचा वा तुरीचा नाही, हे लक्षात ठेवूनही तो मला महत्त्वाचा वाटतो.

प्राण्यांच्या पेशीकडे आणखी एक तजवीज आहे. लहान गुठळ्या फार झाल्या आणि जागच्या जागी उचलणे जमेना, की डायनीन ही मोटार त्यांना सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून ओढत केंद्रकाजवळ आणून एका ठिकाणी रचते. १९९८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी या ढिगाचे वर्णन केले आणि त्याला ॲग्रेसोम असे नाव दिले. २००३ साली गुठळी आणि मोटार यांना जोडणारा दुवा म्हणून एचडीएसी-६ हे प्रथिन पुढे आले. चेतापेशीत तर अंतराचाच प्रश्न असतो. कंबरेच्या मणक्यापासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा पेशीचा तंतू सुमारे १ मीटर लांब असतो. त्याच्या टोकाशी बांधलेली गाठोडी पेशीच्या मुख्य भागाकडे परत यावी लागतात आणि वाटेत लायसोसोमशी जुळत जातात. या वाहतुकीत खंड पडला तर टोकाला माल तुंबतो. त्यातच चेतापेशी जन्मभर विभागत नाही. यकृताची वा त्वचेची पेशी विभागते तेव्हा साचलेले दोन पेशींत वाटले जाऊन विरळ होते. चेतापेशीला तसा वाटेकरी मिळत नाही.

गुठळी किती घट्ट आहे यावरही बरेच अवलंबून असते. थेंबासारखी वा जेलीसारखी गुठळी पटल सहज कवेत घेते. अल्फा-सिन्युक्लीन, टाऊ यांसारख्या प्रथिनांचे कडक, शिडीच्या पायऱ्यांसारखे रचलेले तंतू झाले की काम अवघड होते. अशा तंतूंना एचएसपी-७० आणि त्याचे साथीदार मिळून तोडू शकतात, हे परीक्षानळीत दिसले आहे. २०२२ साली चीनमधील संशोधकांनी सीसीटी-२ या प्रथिनाची दुहेरी भूमिका मांडली. एरवी ते घडी घालणाऱ्या मोठ्या संचाचा एक घटक असते, पण संचातून सुटे झाले की घट्ट गुठळ्यांसाठी ग्राही म्हणून काम करते आणि त्यासाठी त्याला युबिक्विटिनची खूणही लागत नाही. घडी घालणारा कारागीर दुरुस्ती हरल्यावर स्वतःच हमाल होतो.

या सगळ्याचा मेंदूशी खरोखर संबंध आहे, याचा सर्वांत ठोस पुरावा २००६ साली जपानमधून आला. दोन वेगवेगळ्या गटांनी उंदरांच्या मेंदूपेशींतून स्वभक्षणाची जनुके काढली. एका गटाने एटीजी-५, दुसऱ्याने एटीजी-७. या उंदरांत रोग घडवणारे कोणतेही प्रथिन मुद्दाम घातले नव्हते आणि त्यांना उपाशीही ठेवले नव्हते. तरी त्यांच्या चेतापेशींत युबिक्विटिनची खूण असलेल्या गुठळ्या साचल्या, हालचाली बिघडल्या आणि पेशी मरू लागल्या. पोटभर खाणाऱ्या प्राण्यातही हे काम रोज, गाजावाजा न करता चालू असते आणि ते थांबले तर मेंदू टिकत नाही, असा त्याचा अर्थ. पुढल्या वर्षी यातील एका गटाने आणखी एक गोष्ट केली. त्यांनी अशा उंदरांतून पी-६२ सुद्धा काढून टाकले. गुठळ्या जवळजवळ नाहीशा झाल्या, पण मेंदूपेशींचा ऱ्हास काही थांबला नाही. २००४ साली हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक रोगाच्या प्रथिनावर झालेल्या प्रयोगातही, मोठी गुठळी तयार झालेल्या चेतापेशी गुठळी न झालेल्यांपेक्षा अधिक काळ जगल्या होत्या. दिसणाऱ्या मोठ्या ढिगापेक्षा न दिसणारे, मोकळे फिरणारे छोटे पुंजके अधिक घातक असावेत, या मताला यामुळे बळ मिळाले.

माणसांतील पुरावा जनुकांमधून येतो. फ्रिट्झ लेवी यांनी १९१२ साली कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत गोल पुंजके पाहिले होते. ते मुख्यतः अल्फा-सिन्युक्लीनचे असतात हे १९९७ साली कळले. हालचालींच्या चेतापेशी झिजवणाऱ्या एएलएस या रोगात काही कुटुंबांमध्ये पी-६२, ऑप्टिन्युरिन आणि टीबीके-१ यांच्याच जनुकांत दोष सापडले आहेत. टीबीके-१ हे हमालांची पकड घट्ट करणारे विकर आहे. अल्झायमरमध्ये दोन प्रकारचा साठा असतो. टाऊचा गुंता पेशीच्या आत असतो, तर अमायलॉइडचे थर पेशीबाहेर असतात, आणि बाहेरच्या साठ्याला ही गाठोड्याची यंत्रणा थेट हात घालू शकत नाही.

मग औषध का नाही? प्रयत्न आहेत. ईस्टर बेटावरील मातीतील जिवाणूपासून रॅपामायसिन हे द्रव्य वेगळे करण्यात सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. हे द्रव्य पेशीतील एमटॉर हा लगाम ढिला करून स्वभक्षण वाढवते, आणि २००४ साली हंटिंग्टनच्या माशी व उंदीर नमुन्यांत त्याने विषारी प्रथिनाचा त्रास कमी केल्याचे केंब्रिजच्या गटाने दाखवले. पण एमटॉरकडे पेशीची वाढ आणि प्रतिकारशक्ती यांचीही सूत्रे असतात, त्यामुळे मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी वापरले जाणारे हे औषध वृद्ध माणसाला वर्षानुवर्षे देणे सोपे नाही. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कामात सिक्स-बायो या लहान रेणूने उंदरांत अल्फा-सिन्युक्लीनचा साठा कमी केला. मला अधिक आशा वाटते ती २०१९ साली शांघायमधून आलेल्या कल्पनेची. तिथल्या संशोधकांनी असे रेणू शोधले जे एका बाजूने हंटिंग्टनचे बिघडलेले प्रथिन धरतात आणि दुसऱ्या बाजूने एलसी-३. पेशीचा हमाल कमी पडतो, तर बाहेरून छोटा हमाल पुरवायचा. लगाम सरसकट ढिला करण्यापेक्षा हे निवडक स्वभक्षणाच्या स्वभावाला धरून आहे. हा बाहेरचा हमाल अजून पेशी, माश्या आणि उंदीर यांच्यापुरता आहे.

आता उपासाकडे येतो. उपाशी उंदरांच्या यकृतात, स्नायूंत स्वभक्षण जोरात वाढते हे नक्की. पण २००४ साली, गाठोडी डोळ्यांना दिसावीत म्हणून चमकणारे एलसी-३ दिलेल्या उंदरांना ४८ तास उपाशी ठेवले तेव्हा मेंदूत तशी वाढ दिसली नाही. २०१० साली दुसऱ्या गटाने वेगळ्या पद्धतीने पाहिले तेव्हा मेंदूच्या काही चेतापेशींत ती दिसल्याचे सांगितले. म्हणजे उंदरांमध्येही प्रश्न निकाली निघालेला नाही, आणि उंदराचे ४८ तास म्हणजे माणसाची एकादशी नव्हे; तेवढ्यात त्या छोट्या जिवाचे वजन झपाट्याने उतरते. आठवड्यातून एक दिवस साबुदाण्याची खिचडी खाल्ल्याने माणसाच्या मेंदूतील अल्फा-सिन्युक्लीन निघून जाते असे दाखवणारा कोणताही प्रयोग झालेला नाही. खिचडीत भरपूर पिष्ट, शेंगदाणे आणि तूप असते, त्यामुळे पेशीच्या दृष्टीने तो उपास तरी होतो का, हा प्रश्न मी वर्गात विचारला तेव्हा मुले हसली.

त्या मुलाला मी हे सर्व दोन तासिकांत, फळ्यावर चित्रे काढून सांगितले आणि गुरुवार धरायला सांगू नकोस असे स्पष्ट म्हटले. आजींचे वय ७४, वजन आधीच उतरलेले. त्यांना कंपवातावरच्या लेव्होडोपा या औषधाच्या गोळ्या ठरलेल्या वेळी घ्यायच्या असतात. जेवणातील प्रथिने त्या गोळीच्या शोषणात अडथळा आणू शकतात, त्यामुळे गोळी आणि जेवण यांतील अंतर डॉक्टरांनी आखून दिलेले असते. उपासाच्या दिवशी जेवणाबरोबर गोळीही मागे-पुढे होते आणि हातपाय आखडतात. आठवड्याने तो परत आला. आजीने एकादशी सोडायला ठाम नकार दिला होता, गोळ्यांच्या वेळा मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घेतल्या होत्या. त्याचा स्वतःचा प्रश्न आता वेगळा होता: सीसीटी-२ संचातून सुटे होते ते गुठळी पाहून, की आधीच सुटे फिरत असते? मी त्याला मूळ शोधनिबंध काढून दिला आणि पुढच्या शनिवारी वर्गापुढे मांडायला सांगितले.